बूच, जकात आणि दोन हुकूमशहा

पावसाळा सरता सरता बंगळूरच्या जयनगर भागातील जुन्या रस्त्यांवरून पहाटे फिरावयास निघालेल्या माणसाच्या पायाखाली पांढऱ्या, लांब देठाच्या, मंद सुवासाच्या फुलांचा सडा येतो. कन्नडमध्ये या झाडाला आकाश मल्लिगे म्हणतात. मराठीत गगनजाई, आकाशनिंब अशी काव्यमय नावे त्याला मिळाली असली, तरी नित्याच्या बोलण्यात ते साधे ‘बुचाचे झाड’ आहे. त्याची साल जाड, भेगाळ आणि दाबली असता किंचित लवणारी. खरे बूच महाग पडे, तेव्हा हलक्या प्रतीचे बूच म्हणून या सालीचा उपयोग होत असे; त्यावरूनच हे नाव पडले. मात्र हे झाड मूळचे ब्रह्मदेशाकडचे असून खऱ्या बुचाच्या वृक्षाशी त्याचा कोणताही कुलसंबंध नाही.

खरे बूच आपल्याकडे नेहमी परदेशातूनच आले. दवाखान्यात कंपाउंडर औषधाच्या बाटलीवर मात्रेची कागदी पट्टी चिकटवून वर जे बूच घट्ट बसवीत असे, ते आता स्मरणापुरते उरले. पण बॅडमिंटनच्या फुलाची सोळा पिसे ज्यात रोवलेली असतात तो गोलसर बुडखा बुचाचाच असतो, आणि क्रिकेटच्या चामडी चेंडूच्या पोटातही सुतळीच्या वेढ्यांखाली बूचच दडलेले असते. शब्दही बहुधा वस्तूबरोबरच आला असावा: मराठी ‘बूच’ हा पोर्तुगीज ‘बुशा’ या शब्दावरून आल्याचे कोशकार मानतात. जगातील बुचापैकी जवळजवळ निम्मे आजही पोर्तुगालमध्ये निघते आणि तयार बुचांच्या व्यापारात तर त्या छोट्या देशाचा वाटा याहूनही मोठा आहे.

हे असे का, याचे उत्तर केवळ हवापाण्यात सापडत नाही. बुचाचा ओक वृक्ष पोर्तुगालइतकाच स्पेनमध्ये वाढतो. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, फ्रान्स, इटली येथेही वाढतो. मग कारखाने एका देशातच का एकवटले? या प्रश्नाचा माग काढू लागले की वाट जंगलातून निघून जकातीच्या नाक्यावर आणि तेथून हुकूमशहांच्या कचेऱ्यांत जाते. यांतील एक हुकूमशहा गोव्यावरही राज्य करीत होता, म्हणून ही कथा आपल्याही दाराशी येऊन थांबते.

सालीला मोकळी वाट, बुचाला अडसर

आधी झाडाविषयी थोडे. बुचाचा ओक लावल्यावर त्याची साल प्रथम काढावयास सुमारे पंचवीस वर्षे थांबावे लागते. ही पहिली साल खडबडीत असते. त्यानंतर नऊ वर्षांनी दुसरी साल, तीही बाटलीच्या बुचाला सहसा चालत नाही. पुन्हा नऊ वर्षांनी, म्हणजे झाड त्रेचाळीस वर्षांचे झाल्यावर, बाटलीला शोभेल असे बूच मिळते. उन्हाळ्यात कुऱ्हाडीच्या हलक्या हाताने साल सोलतात, खोडाला इजा होऊ देत नाहीत, आणि सोललेल्या खोडावर त्या वर्षाचा शेवटचा अंक रंगवून ठेवतात. म्हणजे पुढची पाळी कधी, हे झाडच सांगते. आपल्याकडे आंबा नातवासाठी लावावा असे म्हणतात. पोर्तुगालच्या आलेंतेजू प्रांतातील शेतकरी बुचाविषयी तेच म्हणू शकेल.

अठराव्या शतकात फ्रान्समधील फसफसणाऱ्या दारूच्या बाटल्यांना घट्ट बूच लागू लागले आणि स्पेनच्या कातालोनिया प्रांतात, जिरोना जिल्ह्यातील पालाफ्रुजेल, सान्त फेलिउ यांसारख्या गावांत बूच कापणाऱ्या कारागिरांची वस्ती वाढली. एकोणिसाव्या शतकात या धंद्याचे अग्रपद स्पेनकडे होते. पोर्तुगाल त्या काळी मुख्यतः साल विकणारा देश होता, आणि तेथील मोठे कारखानेही पुष्कळदा परक्यांचे. पोर्तालेग्रे येथील रॉबिन्सन यांचा कारखाना इंग्रजी मालकीचा, तर लिस्बनसमोर टॅगस नदीपलीकडे सेशाल येथील मुंदेत यांचा कातालान मालकीचा.

पुढे मोठ्या बाजारपेठांनी आपापल्या सरहद्दींवर भिंती उभारल्या. जर्मनी आणि अमेरिका यांनी कच्च्या सालीला मोकळी वाट ठेवली आणि तयार बुचावर मात्र आयात शुल्क बसविले. युक्ती साधी होती. बूच कापण्याचे काम, त्याची मजुरी आणि त्यातील नफा आपल्या देशात यावा. पिट्सबर्ग शहराच्या आसपास बुचाचा एकही ओक नाही, तरी १८६० साली तेथे बूच कापण्याचे लहानसे दुकान म्हणून सुरू झालेली आर्मस्ट्राँग ही कंपनी शतकाच्या अखेरीस जगातील सर्वांत मोठ्या बूच-उद्योगांत गणली जात होती. त्याच सुमारास बुचाच्या भुश्श्याला नवे मोल आले. भुसा तापवून, दाबून त्याचे तक्ते करता येतात, हे १८९०च्या दशकात न्यू यॉर्कमध्ये उमगले. शीतगृहांच्या भिंतींना हे तक्ते लागू लागले. लिनोलियमची जमीन बुचाच्या भुकटीशिवाय होत नसे. सोड्याच्या बाटलीवरील पत्र्याचे झाकण १८९२ साली बाल्टिमोरच्या विल्यम पेंटर यांनी शोधले. त्याच्या आतही बुचाची पातळ चकती असे. या सर्व नव्या कारखान्यांना तयार बूच नको होते, साल हवी होती, आणि सालीवर जकात नव्हती.

कातालोनियातील कारखानदारांनी माद्रिदच्या सरकारकडे मागणी केली की, सालीच्या निर्यातीवर जबर शुल्क बसवावे, म्हणजे परदेशी कारखान्यांना ती महाग पडेल. परंतु जंगले होती एस्त्रेमादुरा आणि आंदालुसियातील बड्या जमीनदारांची. त्यांना साल कोणीही विकत घेतली तरी चालणार होते. हा तंटा पिढ्यान्‌पिढ्या चालला. आपल्याकडे कापूस पिकविणारा आणि गिरणीवाला यांचे निर्यातबंदीवरून जे वाद होतात, त्याच जातीचा हा तंटा होय.

१७ जून १९३० रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी स्मूट-हॉली कायद्यावर सही केली आणि शेकडो वस्तूंवरील शुल्क वाढले. स्पेनच्या दृष्टीने झोंबणाऱ्या वस्तू चार होत्या: द्राक्षे, संत्री, कांदे आणि बूच. स्पेनमध्ये तेव्हा प्रिमो दे रिव्हेरा यांची हुकूमशाही नुकतीच कोसळून दुसऱ्या सेनापतीचे सरकार आले होते. त्याने पुढच्याच महिन्यात ‘वाइस जकात’ लागू करून अमेरिकी मोटारींवर सूड उगविला. मोटारी महागल्या, पण पालाफ्रुजेलच्या कारागिराचे बूच त्यामुळे न्यू यॉर्कच्या धक्क्यावर स्वस्त झाले नाही. लोकशाही म्हणविणाऱ्या देशाने जकात वाढवावी आणि लष्करी सरकारने तिला जकातीनेच उत्तर द्यावे, यात शहाणपण कोणाच्या वाट्याला आले, हे वाचकांनीच ठरवावे.

फ्रँकोची विनिमय दराची फाळणी

१९३६च्या जुलैत स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले आणि बुचाचा धंदा नकाशावरच दुभंगला. सालीची जंगले असलेला दक्षिण आणि पश्चिमेचा बहुतेक मुलूख पहिल्या काही महिन्यांतच जनरल फ्रँकोच्या हाती गेला, तर कारखाने असलेला कातालोनिया १९३९च्या आरंभापर्यंत प्रजासत्ताकाकडे राहिला. कारखान्यांना साल मिळेना आणि सालीला आपल्याच देशातील कारखाना मिळेना. फ्रँकोच्या बाजूला तर परकीय चलनाची निकड होती. साल बाहेर जात राहिली.

युद्ध संपल्यावर स्थिती सुधारेल असे कारखानदारांना वाटले असल्यास तसे झाले नाही. फ्रँकोच्या राजवटीने स्वयंपूर्णतेचा मंत्र घेतला होता. आयातीला परवाना, निर्यातीला परवाना, आणि निर्यातदाराने मिळविलेला प्रत्येक डॉलर सरकारी दराने सरकारला विकण्याची सक्ती. बँकेत काम करणाऱ्या वाचकांना यातील मेख सांगावयास नको. इतरांसाठी एवढेच सांगतो की, १९४०च्या दशकात डॉलरचा अधिकृत भाव सुमारे ११ पेसेता होता आणि १९५९ साली सरकारने अखेर वास्तव मान्य केले तेव्हा तो ६० पेसेता ठरला. मधल्या वर्षांत मजुरी, वाहतूक, अन्नधान्य यांचे दर वाढत होते; बूच विकणाऱ्याच्या हाती मात्र डॉलरमागे त्या जुन्या, खोट्या भावानेच पेसेता पडत. डिसेंबर १९४८ पासून वेगवेगळ्या मालासाठी वेगवेगळे विनिमय दर आले. मग आपल्या मालाला चांगला दर मिळावा म्हणून माद्रिदच्या कचेऱ्यांत खेटे घालणे, हाच धंद्याचा एक भाग होऊन बसला.

कोणत्याही आयात शुल्काच्या पुस्तकात न दिसणारी ही जकात होती. परदेशी सरकारने बुचावर लावलेले शुल्क निदान छापील असे. स्वतःच्या सरकारने विनिमय दरातून कापून घेतलेला हिस्सा निर्यातदाराला पावतीवरही दिसत नसे. जुन्या उद्योगाचा कणा मोडला तो येथे, असे मला वाटते. लढाईत बंद पडलेला कारखाना चार वर्षांत पुन्हा उभा राहतो. वीस वर्षे चुकीच्या भावाने माल विकावा लागलेला कारखानदार मात्र धंदा सोडतो किंवा सरहद्द ओलांडून शेजारी जातो.

सालाझारचा परवाना

शेजारी पोर्तुगाल होता आणि तेथेही हुकूमशाहीच होती. अँतोनियो द ओलिव्हेरा सालाझार हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक १९२८ साली अर्थमंत्री आणि १९३२ साली पंतप्रधान झाले. जमाखर्चाच्या बाबतीत अतिशय काटेकोर, आणि विरोधकांच्या बाबतीत निष्ठुर. १९३१च्या एका कायद्याने नवा कारखाना काढणे, जुना वाढविणे किंवा दुसरीकडे हलविणे यांस सरकारी परवानगी आवश्यक झाली. आपल्याकडील १९५१चा औद्योगिक परवाना कायदा आणि त्याखाली चाळीस वर्षे चाललेले परवाना राज्य ज्यांना आठवते, त्यांना ही व्यवस्था अनोळखी वाटणार नाही. १९३६ साली बुचासाठी स्वतंत्र राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. निर्यातीवर देखरेख, मालाची प्रतवारी, भावावर लक्ष अशी कामे त्याच्याकडे होती.

या मंडळानेच पोर्तुगालला पहिल्या क्रमांकावर नेले, असे सालाझारचे चाहते म्हणत. हिशेब इतका सरळ नाही. स्पेन लढाईत अडकला होता, नंतर स्वतःच्या विनिमय दरात अडकला. दुसऱ्या महायुद्धात बूच ही युद्धोपयोगी वस्तू ठरली; शीतगृहे, इंजिनांचे जोड, दारूगोळ्याची झाकणे या सर्वांत ते लागे. अमेरिकेने १९४१ मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध घातले आणि बाल्टिमोरच्या कारखानदारांनी कॅलिफोर्नियात बुचाचे ओक लावण्याची मोहीमही काढली. पोर्तुगाल तटस्थ राहिला आणि त्याची बंदरे उघडी राहिली. शेजाऱ्याच्या संकटाने दिलेली संधी त्याने साधली, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

या यशाची किंमत कामगारांनी मोजली. १९३३च्या कामगार कायद्याने संप बेकायदा ठरविले होते आणि स्वतंत्र कामगार संघटनांच्या जागी सरकारमान्य संघ आणले होते. तरीही १९४३च्या उन्हाळ्यात टॅगसच्या दक्षिण तीरावरील बूच कामगार संपावर गेले. महागाई वाढत होती आणि मजुरी जागीच होती. राजवटीने अटकसत्र आरंभून संप मोडला. हुकूमशाहीला आपल्या सरहद्दीतील कामगाराला गप्प बसविता येते. परक्या बंदरावरील जकात अधिकाऱ्यावर मात्र तिचा अंमल चालत नाही. म्हणून परदेशी शुल्काचा भार कमी करावयाचा, तर तो घरच्या मजुरीतूनच कमी करणे तिला सर्वांत सोपे जाते.

बंदराबाहेरची जकात खऱ्या अर्थाने उतरली ती १९६० साली. ब्रिटन, स्वीडन, स्वित्झर्लंड आदी देशांनी स्थापन केलेल्या युरोपीय मुक्त व्यापार संघटनेत पोर्तुगालला आरंभापासून स्थान मिळाले. स्पेन बाहेर राहिला. शिवाय पोर्तुगालला एक सवलतही मिळाली: इतरांनी आपले शुल्क लवकर उतरवावे, पोर्तुगालने मात्र आपल्या उद्योगांचे संरक्षण १९८० पर्यंत सावकाश कमी करावे. १९६३ मध्ये उत्तरेकडील सांता मारिया द फैरा परिसरातील आमोरिम कुटुंबाने बूच कापून उरलेल्या चुऱ्यापासून तक्ते करण्यासाठी नवी कंपनी काढली. राजवट साम्यवादाची कट्टर वैरी, पण या कुटुंबाने त्याच दशकात व्हिएन्नामार्गे पूर्व युरोपातील साम्यवादी देशांना बूच विकण्याची वाट शोधली. व्यापाऱ्याला वाट सापडतेच, हे आपल्याकडील वाण्यालाही ठाऊक आहे.

येथे झाडाचे गणित पुन्हा आठवावे. बूच मंडळ स्थापन झाले त्या १९३६ साली लावलेल्या ओकाने बाटलीचे पहिले चांगले बूच दिले असेल ते १९७९च्या सुमारास. तोवर सालाझारला जाऊन नऊ वर्षे, त्यांच्या राजवटीला जाऊन पाच आणि फ्रँकोला जाऊन चार वर्षे लोटली होती. त्या राजवटींनी जे बूच विकले, ते मुख्यतः त्यांच्या आधीच्या काळातील झाडांचे होते.

मांडवीच्या काठावरून

सालाझारचे सरकार १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोव्यावरही राज्य करीत होते. १९३०च्या वसाहत कायद्याने वसाहतींची अर्थव्यवस्था लिस्बनच्या आखणीत आणखी घट्ट बसविली होती. गोव्याला जकातीचा चटका तसा नवा नव्हता. १८७८च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने गोवे आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांची सीमाशुल्क व्यवस्था एक केली. १८८० ते १८९२ अशी बारा वर्षे ती चालली. मुरगावचे बंदर आणि रेल्वे त्यातून आली हे खरे. पण त्याबरोबर गोव्यातील मिठाचा ताबा इंग्रजांकडे गेला. वर्षाला चार लाख रुपये पोर्तुगीज सरकारला मिळाले, आणि आगरावर पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकविणाऱ्या माणसाला मुंबईची वाट धरावी लागली.

सालाझारच्या काळात गोव्याची नवी संपत्ती होती लोहखनिज. दुसऱ्या महायुद्धानंतर मांडवी आणि जुवारी या नद्यांतून पडावांवर लादलेले तांबडे खनिज मुरगावला जाऊ लागले आणि तेथून मुख्यतः जपानला. एकोणिसाव्या शतकात पोर्तुगालची साल जशी पिट्सबर्गला जात असे, तसेच हे. साल गेली तेथे बूच झाले, खनिज गेले तेथे पोलाद झाले. ज्या राजवटीला बुचाच्या बाबतीत कच्चा माल विकण्यातील तोटा पुरता ठाऊक होता, आणि ज्यासाठी तिने मंडळ नेमले, तिनेच गोव्यात कारखानदारी उभी करण्याचे मनावर घेतले नाही.

गोव्यात त्या काळी मिळत होते ते परदेशी माल. १९५५ साली सत्याग्रहींवर गोळीबार झाल्यानंतर भारताने गोव्याशी रेल्वे आणि व्यापार तोडला. तेव्हा हॉलंडचे बटाटे, पाकिस्तानचा तांदूळ, सिलोनचा चहा, जपानचे सिमेंट आणि पोर्तुगालची दारू, अर्थात बुचासकट, असा बाजार गोव्यात भरला. इकडे भारतात आयातीवर कडक परवाने आणि सोन्याच्या आयातीला बंदी. त्यामुळे घड्याळे, कापड आणि सोने सावंतवाडीच्या आणि कारवारच्या बाजूने रात्रीच्या वाटांनी इकडे येई. गोव्यातील काहींचे भले झाले, पण हातात हुन्नर उरेल असे काम त्यातून थोडेच निर्माण झाले.

८ नोव्हेंबर १९६१ रोजी लिस्बनने एक हुकूमनामा काढला: पोर्तुगाल आणि त्याच्या सागरापलीकडील सर्व प्रांतांचा मिळून एकच आर्थिक प्रदेश होईल आणि त्यांच्यामधील जकाती टप्प्याटप्प्याने नाहीशा होतील. त्यानंतर एकेचाळीस दिवसांनी गोवे मुक्त झाले. लिस्बनच्या बांको नासियोनाल उल्त्रामारिनो या बँकेची शाखा १८६८ पासून गोव्यात होती. मुक्तीपूर्वीच्या धामधुमीत तिच्याकडे गहाण ठेवलेले गोमंतकीयांचे दागिने लिस्बनला हलविण्यात आले, आणि ते परत येण्यास १९९१ साल उजाडावे लागले. पावत्या जपून ठेवणाऱ्या अनेक माउल्या तोवर हयात नव्हत्या.

पोर्तुगालमध्ये २५ एप्रिल १९७४ रोजी सैन्याच्या तरुण अधिकाऱ्यांनी राजवट उलथविली. दीड वर्षाने फ्रँको वारले. १ जानेवारी १९८६ रोजी दोन्ही देश एकाच दिवशी युरोपीय समुदायात आले आणि त्यांच्यामधील शुल्काची भिंत टप्प्याटप्प्याने नाहीशी झाली. पुढे प्लास्टिकची बुचे आणि आट्यांची झाकणे आली. बुचातील एका रसायनाने दारूला कुबट वास येतो अशी ओरड झाली. उद्योगाने काही वर्षे धाप खाल्ली आणि मग शुद्धीकरणाच्या नव्या पद्धतींनी तो सावरला. एस्त्रेमादुरातील सालीला आता पोर्तुगालच्या सरहद्दीवर कोणी अडवीत नाही. उन्हाळ्यात सोलून उन्हापावसात मुरविलेल्या सालीच्या गाड्या स्पेनमधून निघतात आणि सांता मारिया द फैराच्या कारखान्यांत रिकाम्या होतात.